खुशालरावाची दमणी

कापसाच्या बाजाराजवळ बंडीचं चाक एका दगडावर चढलं आणि उतरलं, एवढंच झालं. मागे वांग्यांच्या रिकाम्या डालग्यांमध्ये बसलेल्या मनकर्णाच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. कण्हणं नव्हे, हाक तर नव्हेच. श्वास अडकून सुटावा इतकाच. जानरावने मान वळवली तोवर तिचा चेहरा पहिल्यासारखा झाला होता. समोरची कापसाच्या बंड्यांची रांग ती अशी बघत होती, की आवाज दुसऱ्याच कुणाचा असावा. रस्ता तुंबला होता. त्या वर्षांत अमरावतीचा रस्ता तुंबलेलाच असायचा. सातासमुद्रापलीकडे गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद पडला, आणि इकडे वऱ्हाडात लोकांनी अंगणातली तुळस तेवढी ठेवून बाकी सगळीकडे कापसाची पऱ्हाटी लावली. जानरावने लावली नाही. तो माळी, खोलापुरी दरवाजाबाहेर त्याचा मळा होता. पऱ्हाटी न लावण्यात शहाणपण कमी आणि भित्रेपणा जास्त होता, हे त्याचं त्याला ठाऊक होतं. पण सगळ्यांनी कापूस पेरल्यावर वांगी आणि मेथी पिकवणारे थोडेच उरले, आणि कापूस काही फोडणीला घालता येत नाही हे गावाच्या लक्षात आलं, तेव्हा भित्र्याच्या घरी लक्ष्मी आली. लोक त्याला हुशार म्हणू लागले. तो नाही म्हणत नसे. तर अशा त्या तुंबलेल्या रस्त्यात, हुशार माणूस म्हणून चारचौघांचा रामराम घेत असताना, त्याने तो आवाज ऐकला आणि त्याचं कशात लक्ष लागेना.

आवाज नवा नव्हता, हेच खरं वाईट होतं. मळ्यातल्या विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं, आणि त्या शेवाळावरून मनकर्णा घसरून बसती पडली, त्याला सहा पावसाळे झाले असतील. पाठीच्या अगदी खालचं हाड दुखावलं. हाडवैद्याने लेप दिले, शेक दिले, शेवटी “हे हाड आता असंच राहणार” म्हणून हात झटकले. ती उठली, कामाला लागली, डोक्यावर डालगी घेऊन बांधाबांधाने फिरू लागली. जेवायला बसताना मात्र एका अंगावर बसे. पुढच्या साली भावाचं लग्न निघालं, तेव्हा जानराव तिला बंडीत घालून अकोल्याच्याही पलीकडे पातूरला, तिच्या माहेरी घेऊन गेला होता. जाताना ती बसून गेली. येताना कडब्यावर पालथी निजून आली. वाटेत दर दगडाला तो आवाज, आणि दर आवाजाला जानरावची मान खाली. घरी आल्यावर ती म्हणाली, “आता नाई जात मी.” तोही म्हणाला, “नको जाऊ.” इतक्या सोप्या बोलण्यात तिचं माहेर तुटलं. मग पातूरकडून कापूस घेऊन येणारे बंडीवाले अधूनमधून निरोप आणू लागले. आई बरी आहे. आईला दमा आहे. आईला कमी दिसतं. आणि या दिवाळीनंतरचा निरोप असा होता, की आईला, गोदाबाईला, आता काहीच दिसत नाही. पण लेकीला सांगा, तू आली तर हात लावून पाहीन. बंडीवाल्याने तो निरोप वांगी निवडता निवडता सांगितला आणि दोन वांगी जास्त मागून घेतली. मनकर्णाने तीही दिली. त्यानंतर ती या गोष्टीवर बोलली नाही. जानरावला वाटत होतं, की ती विसरली. त्या दिवशी दगडावरून चाक उतरलं तेव्हा त्याला कळलं, की तो स्वतः विसरला होता.

दमणी घ्यायची, हे त्याने तिथेच ठरवलं. माल वाहते ती बंडी. दमणी माणसांसाठी असते. हलकी, वर छत, आत गादी, देशमुख-पाटलांच्या बायका सणावाराला जातात तशी. दमणी असली की पातूर किती दूर? पण अमरावतीत दमणी करून द्यायला सुतार मोकळा नव्हता. झाडून सगळे सुतार कापसाच्या बंड्या ठोकत बसले होते. जुन्या ओळखीचा नत्थुजी सुतार म्हणाला, “नवी मागशील तं पुढच्या साली ये बाप्पा. जुनी आनशील तं बसल्या बसल्या दुरुस्त करून देतो.” जुनी अकोल्याला मिळाली. तिथल्या पार्बताबाईचा नवरा खुशालराव वारला होता. त्याने हयातीत आपल्या अंगाच्या मापाने, कापड बेतून अंगरखा शिवावा तशी, एक दमणी करवून घेतली होती. म्हातारपणी त्याची कंबर धरली होती. बसवत नव्हतं आणि हिंडल्याशिवाय राहवत नव्हतं. आता ती दमणी गोठ्याच्या कडेला उभी होती, छतावर कोंबड्या बसल्या होत्या, आणि पोराला घोड्याची गाडी हवी होती. “घोड्याची गाडी म्हनते,” पार्बताबाई म्हणाली. “कापूस इकला न पोरायच्या डोक्यात घोडे घुसले. तुमी कोनासाठी घेऊन राहिले?”

“बायकोसाठी,” जानराव म्हणाला. “तिचं पाठीखालचं हाड दुखते.”

बायकोच्या हाडासाठी अमरावतीहून अकोल्याला आलेला माणूस पार्बताबाईने बहुधा पाहिला नसावा. मग तिने छतावरच्या कोंबड्या हुसकल्या. “मंग घेऊन जा. कुरकुर लय करते, सांगून ठेवते. पन आंगाले हिसका लागू देत नाई. आमचे हे हिच्यात झोपत होते.”

भाव ठरवताना तिने फार ताणलं नाही. जानरावला त्याचं थोडं अपराधी वाटलं आणि मग बरंही वाटलं. त्याने बरोबर हाकत आणलेले आपले बैल जुंपले. मोटेचे बैल ते. जन्मभर विहिरीवर ठराविक पावलं पुढे आणि तितकीच मागे गेलेले. अकोल्याच्या रस्त्यावर तेवढी पावलं झाली की आपोआप थांबत आणि मागे फिरायची वाट बघत. दर वेळी त्यांना समजवावं लागे, की विहीर संपली, आता नुसतं पुढेच जायचं आहे. काटेपूर्णा ओलांडली, मूर्तिजापूरकडची सपाट काळी वाट लागली, दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, मधेच कुठे आगगाडीसाठी टाकलेला मातीचा लांबच लांब बांध. दमणी खरंच कुरकुरत होती. लाकडाला लाकूड कुठेच खिळ्याने ठोकलेलं नव्हतं. बुडाचा साटा, दांड्या, छताच्या कमानी, सगळं कातड्याच्या वाद्यांनी बांधलेलं. चाक खड्ड्यात गेलं की वाद्या ताणत, सैल होत, आणि धक्का वर येईतो जुनी बाज हलावी तसं त्याचं नुसतं हेलकावणं होऊन जाई. जानरावला डुलकी लागली. जाग आली तेव्हा तो डावीकडे कलून बसला होता. बसायची फळी तिथेच झिजून खोलगट झाली होती. खुशालराव तसाच बसत असणार. परक्या माणसाच्या बसण्यात आपण बसलो आहोत, त्याच्या झोपेत झोपलो, हे त्याला कसंसंच वाटलं. तो उजवीकडे सरकला. थोड्या वेळाने पुन्हा डावीकडे घरंगळला. ही दमणी आपली नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि ती आपली केली पाहिजे, असंही लगेच आलं. पहिला विचार खरा होता. दुसऱ्याने घोटाळा केला.

पुढचे दिवस जानरावच्या आयुष्यातले सुखाचे होते, हे लपवण्यात अर्थ नाही. सकाळी मळ्याला पाणी सोडायचं आणि नत्थुजीच्या दारी जाऊन बसायचं. दमणी उलगडली गेली. चाकं निघाली, छत निघालं, जू निघालं. अंगणात पसरलेले ते तुकडे बघताना त्याला लहानपणी न मिळालेलं काहीतरी मिळाल्यासारखं वाटे. मेळघाटच्या सागाचे नवे आरे आले. फळी रंधून सपाट झाली. खुशालरावाचं बसणं भुस्सा होऊन वाऱ्यावर गेलं. छताला बांबूच्या नव्या कमानी, त्यावर तांबडं कापड. आणि लोखंड. त्या दिवसांत लोखंडाचं वेडच लागलं होतं लोकांना. ज्याच्या हातात कापसाचा पैसा आला तो आधी बंडीला लोखंड चढवी. कुणीतरी चाकांना चांदीचे पट्टे मारल्याच्याही गप्पा उठत. शेजारच्या कुणब्याच्या बंडीवर लोखंडी पट्ट्या उन्हात झळकत, आणि जानरावची नजर तिथे अडके. भाजीवाला माळी, वांग्यांवर गबर झालेला, याचं एक बारीक कुसळ त्याच्या मनात होतं. बोचत नव्हतं, पण होतं. त्याने सगळ्या वाद्या काढायला लावल्या आणि लोहाराकडून जोडाजोडाला पट्ट्या मारून घेतल्या. नत्थुजीलाही लोखंड आवडे. दोघे मिळून दमणी हलवून बघत; कुठे जरा जरी कुरकुरली, की तिथे आणखी एक पट्टी. शेवटी ती देवळातल्या दगडासारखी गप्प झाली.

मनकर्णा एकदाच बघायला आली, डोक्यावर मेथीच्या जुड्या घेऊन, उभ्या उभ्याच. तिने दमणीभोवती एक फेरी मारली. कोपऱ्यात पडलेल्या वाद्यांना पायाच्या अंगठ्याने शिवली. “ह्या काहून काढल्या?”

“जुन्या झाल्या होत्या. कुरकुर करत होत्या.”

“कामाच्या हायेत अजून.”

“मंग घेऊन जाय. दोडक्याच्या मांडवाले बांध.”

तिने खरंच नेल्या आणि मांडवाला बांधल्या. जाताना तिने दमणीकडे वळून पाहिलं, तेव्हा तिच्या तोंडावर जे होतं त्याला जानरावने कौतुक असं नाव दिलं. नंतर त्याला वाटलं, आपण तिला बसून बघायला सांगायला हवं होतं. पण नव्या वाहनात घरच्या लक्ष्मीने पूजेआधी बसू नये, अशी रीत. आणि पूजा तर अजून व्हायची होती, रंगच ओला होता. रीत मोडायची नाही हे ठीकच. पण खरं सांगायचं तर रीत आडवी आली नव्हती; त्याला विचारायचंच सुचलं नव्हतं. बैलांची मापं घेतली, जुवाचं माप घेतलं, स्वतः चार वेळा बसून बघितलं. संध्याकाळच्या उन्हात तांबड्या छताखाली तो बसे, तेव्हा कधीकधी मनात येई, की आपण ही मनकर्णासाठी करतो आहोत ना? आणि त्याला तिची आठवण येई, पण ती कशी? पातूरच्या वेशीतून दमणी आत शिरते आहे, लोक उठून उभे राहिले आहेत, घुंगरमाळा वाजत आहेत, सासुरवाडी दारात, आणि मागे गादीवर, पदराआड, कुठेतरी मनकर्णा. तिचा चेहरा त्या चित्रात कधी दिसत नसे. ते त्याला खटके. मग तो उठून चाकाला वंगण घाली.

पूजा झाली. मनकर्णाने जुवाला आणि चाकांना हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली नारळ फुटला, शेजारचा कुणबी येऊन पट्ट्यांवर बोटं फिरवून गेला आणि “झ्याक” म्हणाला. दुसऱ्या दिवशी उजाडता ते निघाले. तिने नवं लुगडं नेसलं होतं, मांडीवर आईसाठी गुळपापडीचं गाठोडं होतं, आणि तिच्या डोळ्यांत सकाळपासून एक लगबग होती; ती त्याने कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. त्याला ती फार आवडली. बडनेऱ्यापर्यंत रस्ता मऊ धुळीचा होता. घुंगरं वाजत होती, समोरून येणारे कापूसवाले बंड्या बाजूला घेत होते, आणि जानराव मनातल्या मनात म्हणत होता, पाहा, पाहा. बडनेऱ्याच्या पुढे एक कोरडा नाला लागला. चाक गोट्यांवर आदळलं. मागून काहीच आवाज आला नाही. तो सुखावला. पुन्हा आदळलं, पुन्हा काही नाही. नाला चढून वर आल्यावर त्याने हसून मागे पाहिलं.

मनकर्णाने दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंचे कठडे धरले होते आणि सगळं अंग गादीपासून वर उचलून धरलं होतं. दंड थरथरत होते. ओठ आत ओढलेले. बडनेऱ्यापासून की घरापासूनच, कुणास ठाऊक, ती अशी हातांवर आली होती, आणि त्याला ऐकू जाऊ नये म्हणून तोंड मिटून आली होती. गाठोडं घरंगळून पायाशी पडलं होतं.

तो खाली उतरला. त्याने साट्याला हात लावून हलवून पाहिलं. हललं नाही. त्याने जोर लावला, खांदा लावला. जिथे तिथे लोखंड. मूर्तिजापूरच्या वाटेवर आपल्याला झोप कशाने लागली होती, ते त्याला आत्ता कळलं. त्या कुरकुरीतच सगळं होतं. खुशालरावाने वाद्या पैसा नव्हता म्हणून नव्हे, कंबर धरलेली होती म्हणून बांधल्या होत्या, आणि आपण त्याची कंबर काढून टाकली, तिथे शेजाऱ्याची बंडी बसवली. त्याने गादीखाली बैलांचा कडबा घातला. घोंगडी घातली. डोक्याचं पागोटं सोडून त्याची चुंबळ करून घातली. ती बसली, चार पावलं दमणी चालली, तिने मान हलवली.

“घरी जाऊ,” तो म्हणाला. “वाद्या हायेत मांडवाले. पुन्हा बांधून घेतो.”

“पुन्हा नत्थुजी, पुन्हा त्याचा लोहार,” ती म्हणाली. “त्याले बंड्यायतून सवड भेटन तवा. मायले तेवढी सवड हाय काय?”

“मंग कसं करतं?”

ती हळूच उतरली. गाठोडं उचललं, झटकलं, डोक्यावर ठेवलं. “चालते.”

“पातूरले?”

“हो.”

“एवढं चालनं होते तुले?”

“रोज काय करते मी?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “चालाले मले काईच होत नाई. बसाले होते.”

हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. ती बांधाबांधाने फिरे, मंगळवारी अंबादेवीला चालत जाई, डोक्यावर ओझं घेऊन येई. सहा वर्षं हे त्याच्या डोळ्यांसमोर होतं. “मंग याच्या आंधी बोलली काहून नाई?”

“बोलली असती तं जाऊ देलं असतं?” ती म्हणाली. “बाई पायी माहेरी निघाली म्हंजे नवऱ्यानं काढून देली, नाईतं भांडून पयाली. गावोगाव तेच म्हनतेत. तुमाले चाललं असतं?”

उत्तर दोघांनाही माहीत होतं. लाज अंगभर पसरली, आणि तिच्याबरोबर, विचित्र म्हणजे, थोडी मोकळीकही. ती चालू लागली. तो दमणीत चढला आणि मागे निघाला. काही वेळ त्याने स्वतःची समजूत घातली, की दमणी रिकामी नेता येत नाही, कासरा धरायला कुणी तरी हवंच. रस्त्याच्या कडेने ती चालत होती, डोक्यावर गाठोडं, एक हात मोकळा. इतक्या वर्षांत त्याने तिला इतका वेळ पाठमोरी कधी पाहिलं नव्हतं. घरात ती दिसे ती वाकलेली, एका अंगावर टेकलेली, उठताना भिंतीला हात लावणारी. ही बाई वेगळी होती. पाठ सरळ, पावलं लांब, धुळीत टाच रोवून उचलणारी. मोटेच्या बैलांना तिचा वेग झेपत नव्हता. ते सवयीने थांबत, आणि तेवढ्यात ती बाभळीपलीकडे गेलेली असे. आईकडे निघालेल्या मुलीसारखी ती चालत होती. आणि ती तेच तर करत होती, असं त्याच्या मनात आलं. पाच वर्षं. ही वाट पाच वर्षं इथेच होती.

ऊन वर आलं तसं पुढे एक गाव दिसू लागलं. वेशीशी पार, पारावर माणसं. मनकर्णा थांबली. दमणी जवळ येईतो उभी राहिली, मग पदर डोक्यावरून पुढे ओढत खाली बघून म्हणाली, “बसू काय? येशीपासून येशीपरयंत. तेवढं निभावते मी.”

ती खरंच बसली असती. हातांवर अंग तोलून, तोंड मिटून, गाव संपेपर्यंत. तिच्या तळहातांवर कठड्याच्या पट्टीचे वळ अजून लाल होते. पारावरच्या दोघातिघांनी घुंगरं ऐकून माना वळवल्या होत्या. तांबडं छत त्यांना दिसलं असणार. ज्या बघण्यासाठी त्याने सगळा हिवाळा नत्थुजीच्या अंगणात काढला, ते बघणं समोर तयार होतं; फक्त मागे बायको बसलेली हवी होती. जानरावला मोह झाला नाही असं म्हणणं खोटं होईल.

मग तो खाली उतरला. उतरल्यावर हातांचं काय करावं हे त्याला कळेना. त्याने कासरा घेतला आणि तिच्या डोक्यावरचं गाठोडं काढून दमणीत, गादीवर ठेवलं. “चाल,” तो म्हणाला. ती चालू लागली. तो तिच्या बाजूने चालू लागला. मागून बैल, मागून दमणी, लोखंडी पट्ट्या झळकत, आत गुळपापडी. वेशीत शिरताना त्याला आपली पावलं फार मोठ्याने वाजल्यासारखी वाटली. पारावर एक म्हातारा होता, त्याने कपाळावर हात धरून आधी दमणी पाहिली, मग बाई पाहिली, मग पुन्हा दमणी.

“काहून बाबू,” त्याने विचारलं, “रुसली काय लक्ष्मी?”

“नाई जी,” मनकर्णाच पदराआडून म्हणाली. “मायले भेटाले चालली.”

“मंग दमणी कोनासाठी?”

जानराव थांबला. बैल तर आधीच थांबले होते.

“माह्यासाठी हाय, आजोबा,” तो म्हणाला. “थकलो का बसतो.”

पारावर कुणीतरी हसलं. म्हाताऱ्याला काही उमगलं नसावं. त्याने “बरं, बरं” म्हणत वाट दाखवली. गाव लहानसं होतं, तरी ओलांडायला वेळ लागला. दारादारांतून बायका बघत होत्या. पलीकडच्या वेशीबाहेर आल्यावर मनकर्णाने पदर मागे सारला आणि झपाझप पावलं उचलली. तो तिच्या बरोबरीला यायचा प्रयत्न करत राहिला.